सद्वर्तन खेळ
सतत बेशिस्त वागणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षेऐवजी गटाच्या जबाबदारीतून वळण लावणारी वर्गव्यवस्थापनाची पद्धत. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात चौथीच्या वर्गावर हॅरिएट बॅरिश, म्यूरिएल साँडर्स व माँट्रोझ वुल्फ यांनी केलेला हा प्रयोग १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गाचे दोन गट पाडून, परवानगीवाचून बोलणाऱ्या किंवा जागा सोडणाऱ्या मुलाच्या गटाच्या नावे फळ्यावर खूण केली जाई. कमी खुणांचा गट जिंके, आणि दोन्हींच्या खुणा ठरलेल्या मर्यादेत राहिल्यास जेवणाच्या रांगेत आधी उभे राहण्यासारख्या सवलती दोघांनाही मिळत. खेळायलाच नकार देणाऱ्यांना मात्र गटातून वेगळे करावे लागले. एकाच्या हट्टापायी साऱ्यांनी हरावे, ही या पद्धतीतील खरी अडचण होय. बाल्टिमोरमध्ये १९८५ पासून पहिलीच्या वर्गांत झालेल्या या खेळाच्या चाचण्यांत, तो खेळलेल्या व सुरुवातीस आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये तरुणपणी अमली पदार्थांचे व्यसन कमी आढळले.