पोर्तुगीज भोजनमद्ये
जेवणाबरोबर घेतली जाणारी, बाहेरून ब्रँडी न मिसळलेली पोर्तुगालमधील द्राक्षमद्ये. १७०३ च्या मेथ्युएन तहान्वये इंग्लंडमध्ये पोर्तुगीज मद्यांवरील जकात फ्रेंच मद्यांपेक्षा एक-तृतीयांशाने कमी झाली. मागणी वाढली, परंतु दोरू खोऱ्यातील मद्यात ब्रँडी मिसळण्याची प्रथा रूढ होऊन पोर्ट प्रसिद्धी पावले व साधी मद्ये मागे पडली.

यांपैकी कोलारेसचा इतिहास विलक्षण आहे. एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा या किडीने यूरोपातील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. लिस्बनजवळील या किनाऱ्यावरील वाळूत मात्र ती जगू शकली नाही. वेली वाळूखालील चिकणमातीत लावाव्या लागत. खोल चर ढासळून गुदमरू नये म्हणून मजूर डोक्यावर टोपली घालीत. किडीने न हरलेले हे मळे विसाव्या शतकात घरबांधणीने गिळले. आज थोडेच उरले आहेत. रामिस्को द्राक्षांचे तेथील तुरट तांबडे मद्य अनेक वर्षे मुरल्यावरच घ्यावे.

दाऊंच्या सीमा १९०८ मध्ये निश्चित झाल्या. पुढे सालाझारच्या राजवटीत मद्यनिर्मिती सहकारी संस्थांच्या हाती एकवटून दर्जा खालावला. १९८६ मध्ये पोर्तुगाल यूरोपीय आर्थिक समुदायात गेल्यावर ही मक्तेदारी संपली. दोरूमध्ये १९५२ साली फेर्नांदु निकोलाउ द आल्मेइदा यांनी बार्का व्हेल्या हे उंची मद्य सिद्ध केले. ते फारच महाग असल्याने नवख्याने तोरीगा नासिओनाल द्राक्षांचे दाऊ निवडावे. माशांबरोबर मोन्सांव परिसरातील आल्व्हारिन्यो उत्तम. ते ‘हिरव्या मद्यां’त मोडते, हे नाव रंगावरून नव्हे, कोवळेपणावरून पडले आहे.