नोट, पण कायद्याने नाणे

लोहाऱ्यात नववीच्या वर्गात पैशाचा विषय निघाला, तेव्हा एका मुलीने घरून जुनी एक रुपयाची नोट आणली. ती दहाच्या नोटेशेजारी ठेवून तिने विचारले, ‘‘दहाच्या नोटेवर रुपये देण्याचे वचन छापले आहे. एकच्या नोटेवर का नाही?’’ आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. शोधू लागलो तर ते दोन महायुद्धांत सापडले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात रुपया म्हणजे चांदीचे नाणे होते. वजन १८० ग्रेन (सुमारे ११.६६ ग्रॅम), पैकी १६५ ग्रेन शुद्ध चांदी. रुपयाचा दर १६ पेन्स ठरलेला होता. लंडनच्या बाजारात चांदी विकली जाई ती प्रमाण औंसावर, आणि अशा औंसात ४४४ ग्रेन शुद्ध चांदी असे. आता भाव औंसाला ४३ पेन्स झाला तर एका नाण्यातली चांदी कितीची होईल? हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. उत्तर जवळजवळ १६ पेन्स येते. ऑगस्ट १९१७ मध्ये भाव ४३ पेन्सच्याही वर गेला. म्हणजे रुपया खर्च करण्यापेक्षा वितळवणे फायद्याचे झाले! इकडे युद्धासाठी भारतातून माल जात होता आणि त्याचे मोल रुपयांत चुकवायचे होते. आमच्या वऱ्हाडासारख्या कापसाच्या मुलखात हंगामात किती रोकड लागते, हे सांगायला नको.

फ्रान्सवर ही पाळी आधीच आली होती. लोक नाणी दडवू लागले, तेव्हा १९१४ मध्ये बँक ऑफ फ्रान्सने पाच फ्रँकच्या छोट्या नोटा बाहेर काढल्या. भारतात ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट आली. ती इंग्लंडमध्ये छापलेली होती. तिच्यावर पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचे चित्र होते आणि मागताक्षणी रुपया देण्याचे वचनही होते. चित्रातले नाणे म्हणजे वचनातली वस्तूच. खर्च परवडेना म्हणून १ जानेवारी १९२६ पासून ही नोट काढणे थांबले.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि येथे लोक नोटा देऊन नाणी मागू लागले. गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणे सरकारने गुन्हा ठरवला. ऑगस्टमध्ये एक रुपयाची नोट परत आली. या वेळी नाण्याचे चित्र राहिले, वचन मात्र गेले. कारण वटहुकमाने या नोटेलाच रुपयाच्या नाण्याचा दर्जा दिला होता. जी स्वतःच रुपया, ती रुपया देण्याचे वचन कसे देणार? त्याच वर्षाच्या अखेरीस खऱ्या नाण्यातली चांदीही निम्म्यावर आली, आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला.

एक रुपयाच्या नोटेची छपाई १९९४ मध्ये थांबली आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची नव्हे, भारत सरकारच्या वित्त सचिवांची सही असते. २०११ च्या नाणे कायद्यातली ‘नाणे’ या शब्दाची व्याख्या पाहा: तीत ही कागदी नोटही मोडते.