टीप २३ : ‘कशेळ्यात मुंबईचे यंत्र दिसले’

हे वाक्य अतिशयोक्तीचे वाटले, तरी अक्षरशः घ्यावे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. विद्यार्थ्यांना परवडे ते खाते ‘शेल’चे : चित्रे नाहीत, निव्वळ मजकूर. प्रोकॉम किंवा विंडोज ९५ मधले हायपरटर्मिनल उघडून मोडेमने निगमच्या मुंबईतल्या यंत्राला फोन लावायचा. हा प्रोग्राम संगणकाला डेक कंपनीच्या १९७८ सालच्या व्हीटी-१०० टर्मिनलचे सोंग घ्यायला लावी. २४ ओळी, ८० रकाने. डोके सगळे मुंबईच्या यंत्राचे. इथे कळा दाबायच्या आणि उमटेल ते वाचायचे. म्हणूनच जुनाट ३८६ सुद्धा पुरे. टपाल पाइनमध्ये, वेबपाने लिंक्समध्ये. देवनागरीची सोय नव्हती, मराठी पत्रेही रोमन लिपीत जात.

लेखक संगणकाच्या वेगाबद्दल कुरकुरतात, पण खरी अडचण तारेची. मुंबईकराला हा स्थानिक फोन. कर्जत–मुरबाड रस्त्यावरच्या कशेळ्याहून तोच एसटीडी. त्यामुळे पत्र आधी लिहून ठेवायचे, मगच फोन जोडायचा. त्यात लाइनवर खरखर आली, की मजकुरात मध्येच भलतीसलती चिन्हे घुसत. पृ. ८८ वरील ‘सांकेतिक निरोप’ बहुधा त्यांतलाच.