खादीचा कस

मागे एकदा पुण्यातल्या मोठ्या दुकानात सदरा पाहत होतो. कापडाला चिठ्ठी होती, 'पर्यावरणपूरक'. मी विचारले, "सूत कुठले?" विकणारा मुलगा म्हणाला, "काका, सगळं नॅचरल आहे." मी सदरा परत ठेवला. माणूस नांदेडचा असला की ही खोड असतेच.

कारण आमच्याकडचे एक कापड आपले गाव सांगू शकते. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडला १९६७ साली उभी राहिली. स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांनी ती उभी केली. हैदराबाद मुक्तिसंग्राम १९४८ साली संपला होता; रिकाम्या हातांचा प्रश्न संपला नव्हता. समितीची खरी ओळख म्हणजे राष्ट्रध्वज. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला ध्वजाचे कापड विणले जाते, धुलाई-रंगाईसाठी अहमदाबादला जाते आणि शिवायला नांदेडला येते.

आता हे कापड टिकाऊ आहे काय? टिकाऊ म्हणजे लवकर न विरणारे, एवढाच अर्थ पूर्वी होता. आज आपण विचारतो, त्यापायी जमीन, पाणी आणि माणूस किती झिजला?

चरख्याला आणि हातमागाला वीज जवळजवळ लागत नाही, ही मोठी जमेची बाजू. पण कापसाचे काय? मराठवाड्यातला कापूस बहुतेक कोरडवाहू, म्हणजे धरणाचे पाणी फारसे पीत नाही. मात्र २००२ नंतर बीटी संकरित वाण आले, गावरानी कापूस मागे पडला आणि दरवर्षी बियाणे विकत घेणे आले. २०१३ पासून 'खादी मार्क' आहे. सूत हाताने कातले, कापड हाताने विणले, धागा नैसर्गिक आहे, याची तो हमी देतो. कापूस कसा पिकला, रंगाचे पाणी कुठे गेले, हे तो सांगत नाही. मग ते कोणी विचारायचे? गिऱ्हाइकानेच.

आणि मजुरी? हा प्रश्न सर्वांत जुना. १९३५ साली गांधीजींनी चरखा संघापुढे आग्रह धरला की आठ तास कातणाऱ्या बाईला आठ आणे मिळाले पाहिजेत. एवढे संघाला झेपले नाही, तरी किमान मजुरीचा ठराव झाला. खादी महागली, विक्रीची चिंता लागली. तरीही माझ्या मते खादीची तीच खरी परीक्षा होती. आज दुकानात 'हातमाग आहे का' असे पुष्कळ जण विचारतात. कातणारीला काय मिळाले, हे क्वचितच कोणी विचारते.

ध्वजसंहितेत ३० डिसेंबर २०२१ रोजी बदल झाला आणि यंत्रावरच्या, पॉलिस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत घरोघर झेंडे लागले, बरेचसे पॉलिस्टरचे. स्वस्त होते, गरिबालाही घेता आले. यात वाईट काय, असे शेजारी म्हणाले. मला पटकन उत्तर सुचले नाही. पावसाळा सरता सरता त्यांचा झेंडा फाटला. फाटका झेंडा मान राखून, एकांतात, शक्यतो जाळून नष्ट करावा असे संहिता सांगते. त्यांनी परसात तो जाळला. सुताची राख होते. याचा काळा, चिकट गोळा झाला, आणि तो कुठे टाकावा हे आम्हा दोघांनाही कळेना.