कोबोल शिकायचंय? क्लासची फी भरण्याआधी हे वाचा

‘मेनफ्रेम शिका, बँकिंग आयटीमध्ये नोकरी मिळवा.’ अशी जाहिरात तुमच्याही फीडमध्ये कधी तरी आली असेल. खाली कोबोल, जेसीएल, डीबीटू अशी नावं, ‘मर्यादित जागा’ आणि एक व्हॉट्सॲप नंबर.

पुण्यात राहणाऱ्यासाठी हा फक्त फीचा प्रश्न असतो. दाभोळसारख्या गावातून बीकॉम किंवा बीएस्सी आयटी झालेल्या मुलासाठी किंवा मुलीसाठी हिशेब मोठा होतो. दाभोळ दापोली तालुक्यात, वाशिष्ठीच्या मुखावर. कोर्स पुण्यात म्हटला की घाट चढून जायचं, कॉट बेसिसवर जागा बघायची, मेस लावायची. फी भरून हा खर्च वेगळा. त्यामुळे कोर्सला जाण्याआधी एक गोष्ट माहीत हवी: कोबोल ही भाषा घरबसल्या, एक रुपयाही न देता शिकता येते. मग क्लास नेमके कशाचे पैसे घेतो? आणि ते द्यावेत का?

कोबोल म्हणजे काय?

कोबोल ही खास व्यवसायाच्या कामांसाठी बनवलेली प्रोग्रामिंग भाषा आहे. पगारपत्रक, व्याज, विम्याचे हप्ते, बिलं, साठ्याची नोंद अशी कामं तिच्यात होतात. गेम किंवा मोबाइल ॲप बनवायला ती वापरत नाहीत.

मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटागॉनमध्ये बैठक झाली. तेव्हा प्रत्येक कंपनीच्या कॉम्प्युटरसाठी वेगळा प्रोग्राम लिहावा लागे. सगळ्या मशिनवर चालेल अशी एकच भाषा हवी, असं ठरलं आणि १९६० मध्ये कोबोलची पहिली आवृत्ती आली. ग्रेस हॉपर यांनी आधी बनवलेल्या ‘फ्लो-मॅटिक’ या भाषेचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. भाषा तिथेच थांबली नाही. तिचं ताजं आंतरराष्ट्रीय मानक २०२३ चं आहे.

कोबोल साध्या इंग्रजी वाक्यासारखी वाचता येते. पगारातून कपात वजा करायची असेल तर ‘सबट्रॅक्ट कपात फ्रॉम पगार गिव्हिंग हातातला-पगार’ अशा धाटणीची ओळ लिहायची. प्रोग्रामचे चार भाग असतात: प्रोग्रामची ओळख, तो कोणत्या मशिनवर आणि फाइलींवर चालणार, त्यातली माहिती आणि शेवटी करायचं काम.

इतकी जुनी भाषा अजून का चालते?

पहिलं कारण पैशांचा हिशेब. अनेक भाषांमध्ये दशांश अपूर्णांक नेहमीच्या पद्धतीने साठवले तर ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बरोबर ०.३ येत नाही. अगदी किंचित फरक पडतो. एका खात्यात तो दिसणार नाही, पण कोट्यवधी खात्यांवर रोज व्याज लावताना तो चालत नाही. कोबोलमध्ये रुपये किती अंकी आणि पैसे किती अंकी हे आधीच सांगावं लागतं आणि हिशेब दशमान पद्धतीनेच होतो.

दुसरं कारण भीती. ४०-५० वर्षांत त्या प्रोग्राममध्ये बँकेचे शेकडो नियम जमा झालेले असतात. ते कुठेच कागदावर नसतात. ज्यांनी लिहिले, ते निवृत्त झालेले असतात. चालू व्यवहार न थांबवता हे सगळं बदलणं खर्चिक आणि जोखमीचं असतं.

रॉयटर्सने २०१७ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार जगात कोबोलच्या सुमारे २२ हजार कोटी ओळी वापरात होत्या. एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे बेरोजगार भत्त्यासाठी अर्जांचा पूर आला, तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी कोबोल येणाऱ्यांना मदतीला या, असं जाहीर आवाहन केलं होतं.

महाराष्ट्राशी काय संबंध?

बराच. टीसीएस १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि तिचे संस्थापक पटनी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेले होते. परदेशी कामं हा या कंपन्यांच्या सुरुवातीच्या धंद्याचा महत्त्वाचा भाग होता.

खरी लाट आली ‘वायटूके’मुळे. जागा वाचवण्यासाठी जुन्या प्रोग्राममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहायचे. म्हणजे २००० साल उजाडलं की मशिनला ते १९०० वाटणार. हे दुरुस्त करायला कोबोल वाचू शकणारी हजारो माणसं हवी होती आणि भारतीय कंपन्यांनी ती पुरवली. तेव्हा शहरांत कोबोलचे क्लास जोरात होते. घरात त्या काळात कॉम्प्युटर शिकलेलं कुणी असेल तर त्यांना विचारा, नाव नक्की आठवेल.

२००० साल सुरळीत उजाडलं आणि ते काम संपलं. क्लासही ओसरले. एका भाषेच्या लाटेवर कोर्स निवडला तर लाट ओसरल्यावर हाती काय राहील, हे आजही तपासायला हवं.

मग कोर्समध्ये शिकवतात काय?

नुसती कोबोल कुठलीच कंपनी विचारत नाही. ती जिथे चालते ते मोठं मशिन म्हणजे मेनफ्रेम आणि तिथली साधनं यायला हवीत. एका उदाहरणाने पाहू.

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट जाते. समजा, दिवसभरातल्या प्रत्येक तिकिटाची नोंद एका फाइलमध्ये आहे: तिकीट नंबर, दुचाकी की चारचाकी की नुसता प्रवासी, आणि रक्कम. रात्री एकूण जमा काढायची आहे.

- कोबोल: फाइल ओळीओळीने वाचून प्रकारानुसार बेरीज करणारा प्रोग्राम.
- जेसीएल: कोणता प्रोग्राम चालवायचा, कोणती फाइल घ्यायची आणि रिपोर्ट कुठे ठेवायचा, हे मशिनला सांगणारी यादी.
- व्हीसॅम आणि डीबीटू: ती माहिती साठवण्याच्या पद्धती. पहिली फाइलींची, दुसरी डेटाबेसची.
- सीआयसीएस: खिडकीवर तिकीट फाडलं त्याच क्षणी नोंद करायची असेल तर लागणारी व्यवस्था. एटीएममधून पैसे काढण्यासारखे व्यवहार याच जातीचे.

आता रकमेच्या जागी चुकून अक्षर पडलं तर? प्रोग्राम मध्येच बंद पडतो. याला ‘अबेंड’ म्हणतात आणि या विशिष्ट चुकीचा कोड मेनफ्रेमवाल्यांच्या बोलीत ‘सॉक सेव्हन’. कोणत्या ओळीवर, कोणत्या नोंदीमुळे तो बंद पडला, हे शोधणं हे रोजचं काम. नव्याने रुजू झालेल्याला नवे प्रोग्राम लिहिण्यापेक्षा दुसऱ्याने लिहिलेले वाचावे लागतात.

फुकट कुठे शिकता येईल?

ग्नूकोबोल: विंडोज आणि लिनक्सवर चालणारा मोफत कंपायलर. एकदा डाउनलोड केला की इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात रेंज गेली तरी सराव चालू राहतो. वरचा फेरीबोटीचा हिशेब यावर करता येतो. जुना लॅपटॉपही पुरतो.

ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टचा कोबोल कोर्स: लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालचा हा कोर्स २०२० मध्ये आयबीएमच्या सहभागाने सुरू झाला. धडे, सरावाचे प्रोग्राम, सगळं मोफत.

आयबीएम झेड एक्सप्लोर: इथे खात्री झाली की तुम्हाला खऱ्या मेनफ्रेमचं लॉगिन मिळतं. मशिन कुठे तरी दूर असतं, तुम्ही घरून त्याच्याशी जोडले जाता. एकेक आव्हान पूर्ण केलं की डिजिटल बॅज मिळतात. ते बायोडेटामध्ये लिहिता येतात.

याशिवाय कोर्सेरावर आयबीएमचे मेनफ्रेम कोर्स आहेत. त्यांच्या प्रमाणपत्राला पैसे पडतात, पण आर्थिक मदतीसाठी अर्ज करायची सोय असते.

अडचण एकच: हे सगळं इंग्रजीत आहे आणि अडलं तर शेजारी सांगणारं कुणी नाही. चांगला क्लास तिथेच कामी येतो.

क्लास लावायचाच असेल तर काय विचारायचं?

१. सराव कोणत्या मशिनवर? मेनफ्रेमची झेडओएस ही यंत्रणा आयबीएमच्या लायसन्सशिवाय वापरता येत नाही. लॉगिन कुणाचं, रोज किती तास आणि कोर्स संपल्यावर किती दिवस मिळेल, हे विचारा. नुसते व्हिडिओ आणि पीडीएफ मिळणार असतील तर ते फुकटही मिळतात.

२. शिकवणार कोण? प्रत्यक्ष बँकेच्या किंवा विम्याच्या प्रोजेक्टवर काम केलेलं माणूस हवं. एक डेमो लेक्चर बसून ऐका आणि ‘सॉक सेव्हन आला तर काय करायचं?’ एवढंच विचारा. उत्तरावरून कळेल.

३. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ म्हणजे काय? नोकरीची हमी की फक्त मुलाखतीला पाठवणं? लेखी मागा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. नोकरीची खोटी हमी त्यात बसत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

४. हप्ते म्हणजे कर्ज तर नाही? काही ठिकाणी ‘सोपे हप्ते’ म्हणजे फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. क्लास आवडला नाही म्हणून सोडला तरी हप्ते थांबत नाहीत. सही करण्याआधी कागद वाचा. सांगितलेल्या फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे का, तेही विचारा.

५. अनुभवाचं पत्र देतो, असं कुणी म्हटलं तर? उठून या. न केलेल्या नोकरीचा अनुभव दाखवला तर कंपन्यांच्या तपासणीत, पीएफच्या नोंदींवरून तो उघडा पडतो. मिळालेली नोकरी जाते आणि पुढचीही अवघड होते.

नोकरी मिळते का?

मिळते, पण कशी ते समजून घ्या. भारतात मेनफ्रेमचं बरंचसं काम परदेशी बँका आणि विमा कंपन्यांचं आहे. ते मोठ्या आयटी कंपन्यांमार्फत पुणे, मुंबई, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद इथे होतं. या कंपन्या फ्रेशर घेताना बहुधा पदवी, ॲप्टिट्यूड आणि कुठल्याही एका भाषेतलं कोडिंग बघतात. मेनफ्रेमचं प्रशिक्षण निवड झाल्यावर स्वतःच देतात आणि त्या काळात पगारही मिळतो. म्हणजे जे तुम्ही पैसे भरून शिकणार, तेच पगार घेऊन शिकायची शक्यता असते. थेट मेनफ्रेमच्या जागांच्या जाहिरातीत मात्र बऱ्याचदा दोन-तीन वर्षांचा अनुभव मागितलेला असतो. नवख्याची कोंडी होते ती इथे.

एआयमुळे कोबोल जाईल का? जुना कोबोल प्रोग्राम जावामध्ये बदलायला मदत करणारं एआय साधन आयबीएमनेच २०२३ मध्ये जाहीर केलं. म्हणजे या कामाचं रूप बदलणार. पण बदललेला प्रोग्राम जुन्याइतकाच बरोबर हिशेब करतो का, हे तपासायला जुना वाचता येणारं कुणी तरी लागतंच. म्हणून कोबोलच्या जोडीला जावा किंवा पायथॉन आणि डेटाबेसची एसक्यूएल शिकलेलं बरं. बीकॉमवाल्यांना जमाखर्च आणि व्याजाचं गणित आधीच कळतं, ती त्यांची जमेची बाजू.

मग सुरुवात कुठून?

दोन महिने घरीच ठेवा. पहिला महिना ग्नूकोबोल: फाइल वाचा, बेरीज करा, रिपोर्ट छापा. गावातल्या पतसंस्थेच्या ठेवींवर व्याज लावायचा प्रोग्राम खोट्या नावांनी आणि आकड्यांनी लिहून बघा. दुसरा महिना झेड एक्सप्लोर.

दोन महिन्यांनी कंटाळा आला असेल तर फी, भाडं आणि मेस तिन्ही वाचले. गोडी लागली असेल आणि क्लास लावायचा असेल, तर काय येत नाही हे तुम्हाला नेमकं माहीत असेल. तेवढ्यासाठीच पैसे द्या.