सुईची विद्या आणि तिची परीक्षा

सुईच्या टोकानें दुखणें हटवितां येतें, असें प्रथम ऐकणारा मनुष्य एक तर हंसतो, नाहीं तर दिपून जातो. या दोनहि वृत्तींनीं विद्येची हानीच होते. कारण हंसणारा तपास करीत नाहीं आणि दिपलेलाहि करीत नाहीं. म्हणून चीन देशाच्या जुन्या सूचीचिकित्सेविषयीं, म्हणजे आज जिला सर्वत्र अॅक्युपंक्चर म्हणतात तिच्याविषयीं, बोलतांना मी आज निराळाच प्रश्न श्रोत्यांपुढें ठेवणार आहें. ही विद्या शिकविली कशी गेली, आणि शिकणाऱ्याची परीक्षा कोणीं घेतली? या प्रश्नाच्या उत्तरांत नागपूर आणि सोलापूर या आपल्या दोन शहरांचाहि संबंध येतो.

परीक्षेची कल्पना या विद्येंत नवी नाहीं. सुंग घराण्याच्या राजवटींत, इ. स. १०२७ च्या सुमारास, वांग वेई-यी नांवाच्या राजवैद्यानें पुरुषभर उंचीच्या कांशाच्या दोन मूर्ति करविल्या. सुई टोंचण्याच्या प्रत्येक जागीं त्यांच्या अंगावर बारीक छिद्र होतें. परीक्षेच्या वेळीं मूर्तीवर मेणाचा लेप देत आणि आंत पाणी भरीत, अशी हकीकत सांगतात. विद्यार्थ्याची सुई नेमक्या जागीं पडली तर पाणी बाहेर येई. चुकली तर सुई आंत शिरतच नसे. जागा मोजण्याचें मापहि मोठें सोयीचें होतें. रोग्याच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी हा एक 'त्सुन'. त्यामुळें उंच मनुष्य असो कीं ठेंगणा, माप त्याच्या देहाबरोबरच वाढे वा घटे.

पुढें या विद्येस उतरती कळा लागली. १८२२ मध्यें चिनी बादशहानें राजवैद्यांच्या विद्यालयांतून सूचीचिकित्सेचें शिक्षण काढून टाकलें. १९२९ मध्यें तर नानकिंगच्या नव्या राजवटींत जुनें वैद्यकच बंद करावें असा ठराव पुढें आला. देशभरचे वैद्य शांघायला जमले, त्यांनीं निकराचा विरोध केला आणि तो ठराव मागें पडला. वैद्यक वांचलें खरें. पण तें शिकविण्याची भक्कम व्यवस्था अद्याप व्हावयाची होती.

याच काळांत चीनवर जपानचें आक्रमण झालें. सेनापति चू तेह यांनीं पंडित जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितलें, आणि १९३८ मध्यें राष्ट्रसभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनीं देशास मदतीची हांक दिली. पांच डॉक्टरांचें पथक सिद्ध झालें. अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल हे प्रमुख. स्पेनच्या यादवी युद्धांत त्यांनीं पूर्वींच सेवा केली होती. नागपूरचे डॉ. चोळकर हे पथकांत वयानें सर्वांत वडील. सोलापूरचे तरुण डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी, हे बाकीचे तिघे. १ सप्टेंबर १९३८ रोजीं या पथकानें मुंबईचा किनारा सोडला. पुढल्या वर्षाच्या फेब्रुवारींत तें येनानला पोंचलें. चोळकर व मुखर्जी १९३९ मध्यें परतले, त्यांच्यामागून अटलहि आले. कोटणीस व बसू मात्र मागें राहिले.

हे पांचही पाश्चात्य वैद्यकाचे पदवीधर होते. कोटणीस मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले शस्त्रवैद्य. ते चीनला सुई शिकावयास गेले नव्हते, आणि तसें म्हणणें सत्याला धरून होणार नाहीं. पण त्यांनीं तेथें केलेलें एक काम आजच्या विषयाशीं अगदीं निकटचें आहे. तें म्हणजे अध्यापन. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नांवें चालणाऱ्या रुग्णालयाचे संचालक म्हणून १९४१ मध्यें त्यांची नेमणूक झाली. शत्रूचा वेढा, औषधांची टंचाई, आज येथें तर उद्यां दुसऱ्या खेड्यांत असा मुक्काम. अशा स्थितींत त्यांनीं चिनी भाषा आत्मसात केली, चिनी तरुणांस शस्त्रक्रिया शिकविली आणि त्यांच्यासाठीं पाठ्यपुस्तक लिहावयास घेतलें. ९ डिसेंबर १९४२ रोजीं अपस्माराच्या झटक्यानें ते गेले, तेव्हां त्यांचें वय अवघें बत्तीस होतें. शिकविणारा गेला, पण शिकलेले विद्यार्थी मागें राहिले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांतच नवें-जुनें एकत्र येऊं लागलें. १९४५ मध्यें येनानच्या रुग्णालयांत सूचीचिकित्सेचा विभाग उघडला गेला. तेथें काम करणाऱ्या चू लिएन या बाईंचें शिक्षण मूळचें नव्या वैद्यकाचें. त्यांनीं जुनी सुई हातीं घेतली, तिचे वर्ग चालविले आणि १९५१ मध्यें या विषयावर नवा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९५५ मध्यें पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, चिनी वैद्यकाची संशोधनसंस्था निघाली. १९५६ मध्यें पेकिंग, शांघाय, कॅन्टन व चेंगतू येथें चार महाविद्यालयें स्थापन झालीं, आणि १९७८ पासून पदव्युत्तर वर्गहि भरूं लागले. नव्या वैद्यकांत तयार झालेल्यांनीं जुनें वैद्यक शिकावें म्हणून अडीच वर्षांचे खास वर्गहि चालत. अशाच एका वर्गांत तू यू-यू या संशोधिका शिकल्या. पुढें त्यांनीं जुन्या ग्रंथांतील एका वनस्पतीपासून हिंवतापावरील औषध शोधून काढलें. त्याचा अर्क त्यांनीं आधीं स्वतः घेऊन पाहिला. २०१५ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें तें जुन्या ग्रंथावरील श्रद्धेबद्दल नव्हे, तर त्या ग्रंथाची परीक्षा केल्याबद्दल.

भारतांत ही सुई आली ती याच पथकाच्या वाटेनें. डॉ. बसू १९४३ मध्यें स्वदेशीं परतले; पुढें पुन्हां चीनला जाऊन त्यांनीं सूचीचिकित्सा शिकून घेतली आणि १९५९ पासून कलकत्त्यास ती सुरू केली. कोटणिसांच्या स्मृतीशीं जोडलेल्या संस्थांनीं ती पुढें पसरविली. ज्या मित्रानें चीनच्या भूमींत देह ठेवला, त्याचें नांव चिनी विद्येनें भारतांत वागवावें, हा ऋणानुबंध विलक्षण खरा!

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर या उपचारपद्धतीसाठीं २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखालीं परिषदहि आहे. २०१९ मध्यें केंद्र शासनानेंहि तिला स्वतंत्र उपचारपद्धति म्हणून मान्यता दिली. कायद्याची गरज काय, असें कोणी विचारील. सुई दिसावयास बारीक, पण छातीवर ती खोल गेली तर फुप्फुसास भोंक पडूं शकतें. निर्जंतुक नसेल तर एकाची कावीळ दुसऱ्यास होऊं शकते. म्हणून जो कोणी सुई हातीं धरील, त्याला शरीररचना ठाऊक असली पाहिजे, आणि कोणता रोगी आपला नव्हे, त्यास दुसऱ्याकडे केव्हां धाडावें, हेंहि ठाऊक असलें पाहिजे. मुंबई-पुण्याच्या दवाखान्यांत पाऊल टाकणाऱ्या रोग्याला या खात्रीचा जेवढा हक्क आहे, तेवढाच नागपूरजवळच्या कोराडीच्या रोग्यालाहि आहे.

आणि विद्येचीहि परीक्षा झाली पाहिजे. पाठीच्या, गुडघ्याच्या जुनाट दुखण्यावर खरी सुई आणि नुसता सुईचा भास करून देणारी खोटी सुई यांची तुलना अनेक ठिकाणीं झाली आहे. फरक आढळतो, पण तो बहुधा लहान असतो. हें सत्य विद्यार्थ्यास वर्गांतच सांगितलें जावें; तें लपविणारा गुरु विद्येचा मित्र नव्हे. वांग वेई-यीच्या मूर्तीपुढें गुरूच्या नांवाचा उपयोग नव्हता आणि घराण्याचाहि नव्हता. सुई जागीं पडली कीं नाहीं, एवढेंच तेथें पाहिलें जाई. आपल्या आयुर्वेदासह प्रत्येक जुन्या विद्येनें हीच कसोटी आपण होऊन मागितली पाहिजे. तींत जें टिकेल तें अधिक उजळेल. आणि जें टिकणार नाहीं, त्याचा मोह सोडण्यांत विद्येची अप्रतिष्ठा मुळींच नाहीं.