दातांचा एक्स-रे: मोबाइलच्या कॅमेऱ्याला न दिसणारी कीड

मागच्या वर्षी दाढ ठणकायला लागली, तेव्हा टॉर्च लावून मी मोबाइलवर तिचा फोटो काढला. दाढ एकदम चकाचक! तोच फोटो इतवारीतल्या दवाखान्यात दाखवला, तर डॉक्टर म्हणाल्या, "आधी आरव्हीजी काढू." मला वाटलं, उगाच बिल वाढतंय. पण स्क्रीनवर दोन दाढांच्या मधोमध काळा डाग दिसला, पार नसेपर्यंत गेलेला. लवकर कळलं असतं तर साध्या फिलिंगवर भागलं असतं. मला रूट कॅनाल करावं लागलं.

कॅमेरा फक्त पृष्ठभागावरून परत आलेला प्रकाश टिपतो. एक्स-रे दातातून आरपार जातात. इनॅमल घट्ट असल्यामुळे ते बरेच किरण अडवतं, म्हणून पांढरं दिसतं. कीड लागली की तिथली खनिजं कमी होतात, जास्त किरण पलीकडे जातात आणि डाग काळा येतो. मुळाखालचा पू, झिजलेलं हाड, आडवी वाढलेली अक्कलदाढ, हेही असंच कळतं.

तोंडात ठेवतात ती चपटी पट्टी म्हणजे आरव्हीजीचा सेन्सर. आत बहुतेक वेळा तुमच्या फोनसारखीच सीमॉस चिप असते. फक्त तिच्यावर एक्स-रेचं साध्या प्रकाशात रूपांतर करणारा थर असतो. जानेवारी 1896 मध्ये जर्मनीच्या ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला, तेव्हा 25 मिनिटं लागली होती. आज सेकंदही लागत नाही.

रेडिएशनचं काय? एका छोट्या डिजिटल एक्स-रेचा डोस साधारण एका दिवसात निसर्गातून मिळतो तेवढा किंवा त्याहून कमी असतो. तरी गरज नसताना काढू नका, आणि गरोदर असाल तर आधीच सांगा.

आपल्या नागपुरात एक गोष्ट सांगायलाच हवी: खर्रा. गालात आतून पांढरा चट्टा आला किंवा तोंड कमी उघडायला लागलं, तर ते या एक्स-रेत दिसत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी तोंड उघडून बघायलाच हवं.

आणि हो, स्क्रीनचा फोटो काढून आणू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो कॉम्प्रेस होतो आणि बारीक डाग पुसट होतात. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागा. पुढच्या वेळी डॉक्टरांना जुन्या-नव्याची तुलना करता येते. माझी फाइल आता ड्राइव्हवर आहे, तारखेसकट.